"दोष काढू नका" म्हणजे हिशोबही विचारू नका?

पलासियाकर (धागाकर्ता)

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सध्या जे चाललंय त्यावरून हा धागा काढतोय. मंडळीचं नाव लिहीत नाही, इंदुरातलीच आहे एवढं पुरे.

गेल्या नाताळाआधी तरुण संघाने ब्लँकेटसाठी वर्गणी काढली. एम. वाय. हॉस्पिटलच्या बाहेर पेशंटचे नातेवाईक थंडीत उघड्यावर झोपतात, त्यांना वाटायची होती. वाटप झालं, मी स्वतः तिथे होतो. पैसे मंडळीतल्या ज्या भावाकडे (सभासदाकडे) होते त्याने मात्र अजून हिशोब मांडलेला नाही. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने विचारलं, "दादा, ब्लँकेटचा हिशोब कधी मिळेल?" त्याखाली लगेच दुसऱ्याने लिहिलं, "नवी गाडी कुठून आली ते आता कळलं." त्या भावाने उत्तर म्हणून फक्त बायबलमधलं मत्तय ७:१ हे वचन टाकलं, "तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका", आणि ग्रुप सोडला. आता त्याची बायको महिला मंडळात येत नाही, मुलं संडेस्कूलला येत नाहीत. अर्धी मंडळी म्हणते, हिशोब विचारणाऱ्याने भावाला अडखळण केलं, म्हणजे विश्वासातून पाडलं. उरलेली अर्धी म्हणते, चोराच्या मनात चांदणं.

मला त्या दोन मेसेजमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. पहिल्याने झालेल्या कामाबद्दल विचारलं. दुसऱ्याने त्या भावाच्या मनात शिरून निकाल देऊन टाकला. पहिलं करायचा मंडळीतल्या प्रत्येकाला हक्क आहे, दुसरं करायचा कोणालाच नाही, असं माझं ठाम मत आहे. पण शास्त्राच्या आधाराने बोलायचं तर माझा अभ्यास तोकडा पडतो, म्हणून जाणत्यांनी लिहावं. त्या भावाची ओळख पटेल असं काही कृपया लिहू नका.

प्रार्थनाघर

दादा, मी दोन्ही मेसेजच्या विरोधात आहे. याकोब ४:१२ वाचा. नियमशास्त्र देणारा आणि न्याय करणारा एकच आहे, मग शेजाऱ्याचा न्याय करणारे आपण कोण? रोमकरांस १४:४ मध्येही तेच, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? तो उभा राहिला काय, पडला काय, त्याच्या धन्याचा प्रश्न आहे.

वधस्तंभापाशी येऊन ज्याने स्वतःची क्षमा मागितली, त्याला दुसऱ्याकडे बोट दाखवायला तोंड उरत नाही. त्या भावाने हिशोब प्रभूला द्यायचा आहे. आपण त्याच्यासाठी गुडघे टेकावेत. मी ज्या ज्या मंडळीत राहिलो तिथे एकच पाहिलं. चौकशी सुरू झाली की आधी प्रेम जातं आणि मग माणसं जातात.

हिशोबनीस

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यामागचं दुःख मला कळतं. पण मी ऑडिटचं काम करतो आणि नेमकं उलटं पाहत आलोय. हिशोब वेळेवर मांडला गेला नाही की संशय वाढतो आणि संशयानेच माणसं जातात. पावत्या, रोकडवही, दोन सह्या, एवढं असतं तर गाडीचा मेसेज लिहायला कोणाला जागाच राहिली नसती.

२ करिंथकर ८ वाचा. यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी पौल वर्गणी गोळा करत होता. ती रक्कम त्याने एकट्याने नेली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले, त्यांतला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. कारणही तो स्वतः सांगतो (वचन २० आणि २१): ह्या देणगीच्या व्यवस्थेबद्दल कोणी आम्हांला दोष लावू नये, आणि केवळ प्रभूच्या दृष्टीने नाही तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगलं ते करण्याची आम्ही काळजी घेतो. माणसांच्या दृष्टीनेही! प्रेषित पौलाला हिशोबाची साक्ष हवीशी वाटली, मग आमच्या तरुण संघाच्या खजिनदाराला ती अपमानाची का वाटावी?

आणखी एक. योहान १३ मध्ये प्रभुभोजनाच्या रात्री येशूला धरून देणारा यहूदा उठून बाहेर जातो. थैली त्याच्याकडे होती, म्हणून शिष्यांपैकी कित्येकांना वाटलं की सणासाठी काही विकत घ्यायला किंवा गरिबांना काही द्यायला येशूने त्याला पाठवलं असेल (वचन २९). त्यांनी चांगला हेतू धरला आणि तो सपशेल चुकीचा निघाला. आमच्याकडे लोक वाईट हेतू धरतात. माझ्या दृष्टीने दोन्ही अंदाजच आहेत. "तो देवमाणूस आहे, तो असं करणारच नाही" हे म्हणणंसुद्धा हृदयाचा न्याय करणंच आहे, फक्त निकाल गोड आहे म्हणून ते कोणाला खटकत नाही. म्हणून म्हणतो, माणूस कसा आहे हे ठरवायच्या फंदात न पडता कागद बघा.

पलासियाकर

हिशोबनीस, योहान १३:२९ कडे असं कधी पाहिलंच नव्हतं. आभार.

निवृत्त_मास्तर

प्रार्थनाघर यांनी दिलेली वचनं खरीच आहेत, ती बाजूला सारून चालणार नाही. पण ती कुठल्या प्रसंगी लिहिली गेली तेही पाहू या. रोमकरांस १४ मध्ये वाद आहे तो खाण्याचा आणि दिवस पाळण्याचा. कोणी मांस खातो, कोणी फक्त भाजीपाला. कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणाला सगळे सारखे. अशा बाबतीत पौल म्हणतो, एकमेकांना तुच्छ मानू नका, न्याय करू नका. त्यात कोणाचे पैसे बुडालेले नाहीत, कोणावर अन्याय झालेला नाही.

करिंथच्या पहिल्या पत्रात तर दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात. ४:५ मध्ये तो सांगतो, प्रभू येईपर्यंत न्यायनिवाडा करूच नका, कारण अंधारातल्या गुप्त गोष्टी आणि अंतःकरणातले संकल्प तोच उघड करील. पुढच्याच अध्यायात, बापाच्या बायकोला ठेवणाऱ्या माणसाबद्दल तीच मंडळी मूग गिळून बसली म्हणून तो संतापतो आणि ५:१२ मध्ये विचारतो, जे आत आहेत त्यांचा न्याय तुम्ही करत नाही काय? एका पानावर कर नको, दुसऱ्या पानावर कर, असं सांगण्याइतका पौल विसराळू नव्हता. चौथ्या अध्यायात विषय अंतःकरणाचा आहे, पाचव्यात सर्वांच्या डोळ्यांदेखत चाललेल्या कृत्याचा. पलासियाकरांनी धाग्याच्या सुरुवातीला जी रेघ ओढली ती इथेच आहे.

यहोशवा २२ वा अध्याय आपल्याकडे प्रवचनात फारसा येत नाही. माझ्या मते प्रत्येक मंडळीच्या कमिटीने तो वर्षातून एकदा मोठ्याने वाचावा. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यार्देनेपलीकडे आपल्या वतनाकडे परत जाताना नदीकाठी एक भलीमोठी वेदी बांधतात. बाकीच्या वंशांच्या कानावर येतं आणि यज्ञासाठी वेगळी वेदी बांधून ह्यांनी परमेश्वराला सोडलं असं समजून ते शिलो इथे युद्धाला जमतात. त्यांचा संशय हवेतला नव्हता. पौराचं पाप (तिथे केलेली मूर्तिपूजा) त्यांनी भोगलेलं होतं, आखानाने केलेल्या चोरीपायी सगळ्या समाजाने मार खाल्लेला होता. तरी तलवार उपसण्याआधी ते फीनहास याजक आणि दहा सरदारांना यार्देनेपलीकडे गिलादात पाठवतात. हे लोक तोंडावर आरोप करतात, काही आडपडदा ठेवत नाहीत. आणि त्याच दमात म्हणतात (वचन १९), तुमचं वतन अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यात वतन घ्या. म्हणजे आरोप करणारे आपली जमीन वाटून द्यायला तयार होऊन गेले होते! उत्तर काय मिळालं? वेदी यज्ञासाठी नव्हतीच. पुढे तुमच्या मुलांनी आमच्या मुलांना "परमेश्वरात तुमचा वाटा नाही" म्हणू नये, म्हणून ती साक्षीसाठी बांधली. कृत्य जसं ऐकलं तसंच होतं. हेतू मात्र धरला त्याच्या अगदी उलटा निघाला. फीनहासाने ते ऐकून घेतलं, मान्य केलं आणि युद्ध टळलं.

तुमच्या मंडळीतला गिलादाला जाणारा माणूस कोण, हे मला विचारायचं आहे. त्या भावाच्या घरी कोणी गेलं का?

पलासियाकर

नाही मास्तर. कोणीच गेलेलं नाही. पाळकसाहेबांनी फोन केला होता, त्याने उचलला नाही, तिथेच विषय थांबला.

प्रार्थनाघर

मास्तरांचं म्हणणं मनाला भिडलं. पण एक अडचण मांडतो. फीनहास गिलादाला गेला. आपले लोक उपासना सुटल्यावर गेटपाशी बोलतात, मग पोहे खाताना बोलतात, मग फोनवर बोलतात. ज्याच्याबद्दल बोलतात त्याच्याशी सोडून सगळ्यांशी बोलतात. अशा लोकांच्या हाती "कृत्याचा न्याय करायला हरकत नाही" हे वाक्य दिलं तर ते त्याचं काय करतील? म्हणून मी गप्प बसायला सांगतो.

आणि मास्तर, गलतीकर २ चं काय? अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर अडवलं ते ठीक. पण पेत्र सुंता झालेल्यांच्या (यहूदी विश्वासणाऱ्यांच्या) भीतीने परराष्ट्रीयांपासून (यहूदी नसलेल्यांपासून) वेगळा झाला, असं पौल लिहितो. भीती ही मनातली गोष्ट आहे. म्हणजे पौलानेही हेतूच पाहिला ना?

निवृत्त_मास्तर

प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. पौलाने हेतू सांगितला, खरं आहे. पण कशावरून? याकोबाकडचे लोक येण्याआधी पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, ते आल्यावर उठून गेला. आधीचं आणि नंतरचं वागणं सगळ्यांसमोर होतं. आणि पौल हे पेत्राच्या पाठीमागे बोलला नाही, सर्वांसमक्ष त्याच्या तोंडावर बोलला. पेत्राला "नाही, कारण वेगळं होतं" असं म्हणायची पूर्ण मोकळीक होती.

म्हणून मी असं कधीच म्हणणार नाही की हेतूबद्दल अवाक्षर काढू नये. कृत्यातूनच हेतू उघडा पडत असेल तर तो त्या माणसासमोर ठेवावा आणि त्याचं उत्तर ऐकावं. उत्तर ऐकण्याची तयारी नसेल तर हेतूची गोष्ट काढूच नये. गेटपाशी बोलणाऱ्यांना ही अट घातली तर निम्म्याहून जास्त बोलणं आपोआप बंद होईल. आणि फिलिप्पैकरांस १:१५ ते १८ पाहा. काही लोक हेव्याने, पौलाच्या बेड्यांत दुःखाची भर घालावी म्हणून ख्रिस्ताची घोषणा करत होते. त्याला ते ठाऊक होतं. तरी तो म्हणतो, निमित्ताने असो की खरेपणाने असो, ख्रिस्ताची घोषणा होते ह्यात मी आनंद करतो.

नगरची_लेक

मी अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर), लग्न होऊन इंदूरला आले. बायकांमध्ये हे कसं चालतं ते सांगते, कारण इथे सगळे काका-दादा पैशांबद्दलच बोलताहेत.

आमच्या ओळखीच्या एक ताई. नवरा आजारपणात गेला. त्यानंतर पहिल्यांदा उपासनेला आल्या त्या हिरव्या साडीत. मागच्या बाकावर लगेच कुजबुज, "हिला काय, सुटका झाली." ती साडी नवऱ्याने शेवटच्या आजारपणात हट्टाने घेतलेली होती आणि मी नसलो तरी चर्चला ही नेसून जा असं सांगितलेलं होतं. हे कोणाला कळलं? जिने विचारलं तिला. बाकीच्यांना अजून माहीत नाही आणि त्या ताईंनी आता दुसरीकडे जायला सुरुवात केली.

१ शमुवेलच्या पहिल्या अध्यायात हन्नाच्या बाबतीत हेच झालं. ती मनातल्या मनात प्रार्थना करत होती, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं, प्यायलेली आहे. इतका मोठा याजक, मंदिराच्या दाराशी बसलेला, त्याला प्रार्थना ओळखू आली नाही! पण एलीबद्दल एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याने ते तिलाच विचारलं. कठोर शब्दांत विचारलं, पण तिला विचारलं. म्हणून ती सांगू शकली, "नाही महाराज, मी दुःखी बाई आहे." आणि त्याच तोंडाने त्याने तिला आशीर्वाद देऊन पाठवलं. एलीने तिला काही न बोलता चार बायकांना सांगितलं असतं, तर हन्ना शिलोतून शांतीने घरी गेली असती का?

निवृत्त_मास्तर

ताई, तुम्ही साडीचं लिहिलंत त्यावरून पंडिता रमाबाईंची गोष्ट आठवली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथे सिस्टरांच्या मठात राहिल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण शाकाहार त्यांनी सोडला नाही. त्यांच्या आत्मिक गुरू सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीचा अभिमान दिसला. कृत्य काय, तर ताटातले काही पदार्थ न खाणं. हेतू काय ठरवला, तर गर्व. रमाबाईंनी पत्रात उलट विचारलं, त्याचा आशय असा: एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला त्रास न होणाऱ्या आपल्या सवयी तिने बदलल्या नाहीत, म्हणून तिला गर्विष्ठ म्हटलेलं तिला आवडेल का? ह्याच बाईंनी पुढे केडगावला अनाथ, विधवा आणि दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला आणि अख्खं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. रोमकरांस १४ चा विषय अन्नच होता, आणि तरीही मठातल्या भल्या माणसांकडून हे व्हावं, हे मला फार लागतं.

लाल_चर्च

मी कॅथलिक, इथे पहिल्यांदाच लिहितोय. आपल्या इंदूरचंच उदाहरण देतो. सिस्टर राणी मारिया उदयनगर भागात भूमिहीन मजुरांसाठी, त्यांना सावकारांच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येताना भर बसमध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाच्या पाठिंब्याने तो २००६ मध्ये सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात सिस्टर राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं.

ज्या इंदूरने एवढी मोठी क्षमा पाहिली तिथे आपण हिरव्या साडीची क्षमा करू शकत नाही, ह्याचं वाईट वाटतं.

हिशोबनीस

लाल_चर्च, तुमच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे ती निसटू नये. त्या मारेकऱ्यावर खटला चालला, जन्मठेप झाली. कृत्याचा निकाल लागलेला होता आणि बहिणीने खून झालाच नाही असं कधी म्हटलं नाही. क्षमा सत्यावर उभी होती म्हणून तिला इतकं वजन आलं. आमच्या मंडळ्यांत "क्षमा करा" ह्याचा अर्थ अनेकदा "विषय काढू नका" असा घेतला जातो.

लाल_चर्च

पूर्ण सहमत.

पलासियाकर

काल संध्याकाळी मी आणि मंडळीचे एक वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) त्या भावाच्या घरी जाऊन आलो. तो भेटला, दोघांनाही बसवून बोलला. जे बोलणं झालं ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. पुढच्या कमिटीत तो पावत्या ठेवणार आहे आणि गाडीचा मेसेज लिहिणाऱ्याशी वडील स्वतः बोलणार आहेत. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. चर्चा चालू ठेवावी.

सुखलियातली

चर्चा छान चालली आहे पण मला एका गोष्टीची फार काळजी वाटते, म्हणून लिहिते. मी अशा बायकांबरोबर काम करते ज्यांना घरी मार खावा लागतो. त्यांत आपल्या मंडळ्यांतल्याही आहेत. "आधी एकट्याने जाऊन सांग" हे मत्तय १८:१५ त्यांना दाखवलं जातं. जो रात्री मारतो त्याच्याकडे तिने एकटीने जाऊन काय सांगायचं? मग १ तीमथ्य ५:१९ काढतात, वडिलाविरुद्ध दोन-तीन साक्षीदार हवेत. बंद दाराआड साक्षीदार कुठून आणायचे? आणि शेवटी मत्तय ७:१, दोष काढू नकोस, त्याच्या मनावर नोकरीचा ताण आहे, तो मनाने वाईट नाही. इथे हेतूचा न्याय बरोबर उलट्या बाजूने होतो. कृत्य झाकायला चांगला हेतू पुढे केला जातो. त्याच्या मनात काय आहे ह्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. तिच्या हातावर वळ आहेत, तेवढं पुरे.

फीनहासाची गोष्ट दोन बरोबरीच्या वंशांमधली आहे. मार खाणारी बाई आणि मारणारा नवरा बरोबरीचे नाहीत. वर लिहिलेलं सगळं तिला जसंच्या तसं लावू नका, ही कळकळीची विनंती.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. त्याच मत्तय १८ मध्ये पंधराव्या वचनाच्या आधी सहावं वचन आहे. लहानांतल्या एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, हे त्याच्या हिताचं. त्यानंतर हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत, आणि मग भावाने अपराध केला तर काय करावं ते. प्रभूने आधी दुबळ्याची बाजू घेतली आणि मग समेटाची रीत सांगितली. पंधरावं वचन तेवढं कापून बाईच्या हातात देणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. तिला एकटीला परत पाठवणारा पाळक असो की वडील, त्याला हे तोंडावर सांगितलं पाहिजे.

प्रार्थनाघर

ताई, गप्प राहण्याबद्दल मी वर जे लिहिलं ते अशा बाईसाठी नव्हतं. अशा वेळी मंडळीने नेमकं काय करावं? आमच्याकडे फक्त प्रार्थना करून पाठवतात.

सुखलियातली

प्रार्थना करा, पण तिला त्या घरी परत पाठवण्याआधी विचारा की आज रात्री तिथे जायला तुला भीती वाटते का. वाटत असेल तर माहेर, बहीण, मंडळीतलं एखादं विश्वासाचं घर, जिथे जमेल तिथे तिची आणि मुलांची सोय करा. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, तो महिला मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्याच घरात राहण्याचा हक्कही मागता येतो, हे तिला कोणीतरी बसून समजावून सांगा. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. आणि ती सांगत असताना "पण तुझं काय चुकलं?" असं विचारू नका.

नगरची_लेक

ताई, आमच्या महिला मंडळाची सभा शनिवारी असते. तुम्ही येऊन हे सगळं बायकांना समोरासमोर सांगाल का? पाळकसाहेबांची परवानगी मी काढते. नंबर व्यक्तिगत संदेशात पाठवते.

सुखलियातली

येईन. पुरुषांचीही एक बैठक लावता आली तर बघा, त्यांच्याशी जास्त बोलायचं आहे.